बंद घड्याळाचा आकडा

नाना चष्मा कपाळावर चढवायचे, एक डोळा बारीक करायचे आणि समोरच्याला विचारायचे, "सेवा किती?"

हा प्रश्न ते कुणालाही आणि कशाबद्दलही विचारत. नव्या जावयाचं कौतुक करणाऱ्या सासऱ्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. "जावई फार गुणी मिळाला हो नाना." "सेवा किती?" "दीड महिना झाला." "शंभर दिवस होऊ द्या, मग बोलू." एकदा कचेरीत नवा पंखा बसला. आम्ही सगळे त्याच्याखाली माना वर करून उभे होतो. नानांनी चष्मा चढवला आणि थेट पंख्यालाच विचारलं. पंखा नव्वदाव्या दिवशी जळला. नानांनी फाइलीतून मान वर काढली नाही, फक्त पान उलटलं.

आमची कचेरी अमळनेरला. कोणतं खातं ते सांगत नाही, कारण माझं निवृत्तिवेतन अजून तिथूनच येतं. नाना आस्थापना शाखेत. म्हणजे कोण कधी लागला, कुणाची रजा किती, कुणाची परिविक्षा, म्हणजे प्रोबेशन, संपली, कुणाला कारणे दाखवा नोटीस द्यायची, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. प्रत्येक माणसाचं एक सेवापुस्तक असतं आणि दरवर्षी एक गोपनीय अहवाल लिहायचा असतो, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. देवाचं सेवापुस्तक त्यांनी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याच्याबद्दल ते काही बोलत नसत.

आता तुम्ही म्हणाल, असे कारकून ढिगाने पाहिलेत. पाहिले असतील. पण आकड्यांना परिविक्षेवर ठेवणारा कारकून तुम्ही पाहिलेला नाही.

आकडा म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्या सज्जनांसाठी थोडक्यात सांगतो, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ठाऊक नसल्यासारखा चेहरा करावा. रोज संध्याकाळी कुठूनतरी दोन अंकांची एक जोडी निघते, शून्य-शून्यपासून नव्व्याण्णवपर्यंतची. तुम्ही सकाळी लावलेली जोडी निघाली तर तुम्ही राजे. नाही निघाली तर उद्या आहेच. पूर्वी निकाल पानटपरीवर खडूने लिहिलेला असायचा, आता मोबाइलवर येतो. त्याबरोबर उद्याचा पक्का आकडा सांगणारे तीनशे संदेशही येतात. तीनशे संदेशांत तीनशे पक्के आकडे, आणि जोड्या मुळात शंभरच.

कचेरीच्या फाटकाबाहेर लिंबाखाली अक्कांची चहाची टपरी होती. आमच्या आकड्यांचं विद्यापीठ तेच. एकेकाची एकेक विद्या. एक जण उन्हाळ्यात जळगावचं तापमान लावायचा. आमच्याकडे मे महिन्यात डांबरी रस्त्यावर चप्पल सोडून माणूस पुढे निघून जातो आणि घरी गेल्यावर त्याच्या लक्षात येतं, त्यामुळे त्याचा आकडा नेहमी चाळिशीच्या वरचाच. एक जण सकाळी स्टँडवर जाऊन धुळ्याची पहिली बस बघायचा आणि तिच्या पाटीवरचे शेवटचे दोन अंक लावायचा. एकाला स्वप्नं पडत. साप दिसला तर अमुक, म्हातारी दिसली तर तमुक. हा गृहस्थ आकडा मिळावा म्हणून दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपायचा आणि साहेबांना सांगायचा, अभ्यास चालू आहे.

नाना स्वतः एक पैसा लावत नसत. पण अकराच्या चहाला टपरीवर यायचे आणि काखेतून एक निळी फाइल काढायचे. तिच्यात प्रत्येक विद्येला एक पान होतं. 'तापमान : परिविक्षाधीन, दिवस चौतिसावा.' 'बसची पाटी : दिवस अठ्ठावन्नावा.' नियम दोन. आकडा निकालाच्या आधी लिहायचा आणि पेनाने लिहायचा.

"पेनानेच काबरं?" मी एकदा विचारलं.

"पेन्सिलीने लिहिलेला आकडा संध्याकाळी बदलतो," नाना म्हणाले. "हात कुणाचा असतो ते कळत नाही, पण बदलतो."

शंभर दिवस झाले की शेरा पडायचा. तापमान शंभर दिवसांत एकदा लागलं. बस एकदा. स्वप्नं एकदाही नाहीत, त्यांना कारणे दाखवा नोटीस गेली. नोटीस खरोखरच लिहिली होती, जावक क्रमांकाची जागा मोकळी ठेवून. झोपणाऱ्या गृहस्थाने तिला लेखी खुलासा दिला, की या काळात पोटात वात असल्याने स्वप्नं नीट पडली नाहीत.

आणि सगळ्यांच्या डोक्यावर होतं आमचं भिंतीवरचं घड्याळ. ते दोन पस्तीसला बंद पडलं होतं. कधी, ते कुणालाच आठवत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हाही दोन पस्तीसच वाजले होते. नानांनी त्याचंही पान केलं होतं. रोज आकडा पस्तीस. शंभर दिवसांत घड्याळ दोनदा लागलं. पुढच्या शंभरात एकदा. स्वप्नंवाला वात बरा झाल्यावर त्या शंभरात एकदा लागला, तेव्हा जेमतेम घड्याळाच्या बरोबरीला आला.

"हुशार माणसाने बंद घड्याळाला हरवून दाखवावं," नाना म्हणायचे, "मग मी पण लावीन." घड्याळ दुरुस्तीचा प्रस्ताव तीनदा आला आणि तीनदा त्यांनी त्रुटी काढून परत केला.

फाइलीच्या मागच्या भागात आम्ही होतो. प्रत्येक खेळणाऱ्याचा गोपनीय अहवाल. खेळाची वर्षे. आवडता आकडा. लागल्यावरचे वर्तन. न लागल्यावरचे वर्तन. एक रकाना सगळ्यांचा सारखाच भरलेला होता, तो मी एकदा चोरून वाचला : 'स्मरणशक्ती – लागलेल्या दिवसांची उत्तम, न लागलेल्या दिवसांची नाही.'

आता अक्कांबद्दल सांगायला हवं. पन्नाशीची बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आवाज असा की त्यांनी "चहा" म्हटलं की बोरी नदीच्या पलीकडचे लोक कप शोधायचे. त्यांची एक म्हैस होती, भिंगरी. टपरीच्या मागे लिंबालाच बांधलेली असायची. तिचं दूध इतकं दाट, की चहात चमचा उभा राहायचा आणि साखर विरघळायला अर्ज करायचा. भिंगरी होती म्हणून टपरी होती आणि टपरी होती म्हणून अक्कांच्या घरची चूल. अक्काही रोज दहा-वीस रुपयांचा आकडा लावायच्या आणि रोज नानांच्या मागे लागायच्या.

"नाना, माले एक आकडा द्या. एकच."

"माझ्याजवळ आकडा नसतो अक्का, नोंद असते."

"इतली मोठी फाइल शे, तिच्यात एक आकडा नही?"

असं किती वर्षं चाललं. शेवटी एका सकाळी अक्कांनी चहाच द्यायचं नाकारलं. आधी आकडा, मग कप. नाना वैतागले. घड्याळ चारच दिवसांपूर्वी लागून गेलं होतं. आकड्याच्या धंद्यात अशा नुकत्याच येऊन गेलेल्या जोडीला मेलेली समजतात, तिला कुत्रं विचारत नाही. नानांनी विचार केला, हाच द्यावा. हिचे वीस रुपये जातील आणि माझ्यावरचा विश्वास उडेल.

"पस्तीस," ते म्हणाले. "घड्याळाचा. आता चहा."

तुमच्या लक्षात आलंच असेल. जन्मभर जगाकडे शंभर दिवस मागणाऱ्या माणसाने त्या दिवशी एका दिवसावर डाव लावला. लागणार नाही, यावर.

संध्याकाळी पस्तीस निघाला.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या फाटकापर्यंत रांग होती. मी वाढवून सांगत नाही. सांगितलं असतं तर स्टँडपर्यंत म्हणालो असतो. भडगावहून दोन माणसं बसने आली, फक्त घड्याळ बघायला. धुळ्याचा एक जण नारळ घेऊन आला. दुपारपर्यंत घड्याळाला झेंडूचा हार पडला होता आणि खाली उदबत्ती. साहेब दौऱ्यावरून आले, त्यांनी चपला काढल्या, मग आठवलं की ही आपलीच कचेरी, आणि पुन्हा घातल्या. स्वप्नंवाला हात जोडून नानांच्या टेबलासमोर उभा. नाना सगळ्यांना एकच सांगत होते, "अहो, शंभरात एक वेळ लागायचंच. काल ती वेळ होती." लोक माना डोलवत होते. गुरू खरा असला की असंच आडून बोलतो.

अकराला अक्का स्वतः कप घेऊन आत आल्या. कपाखाली बशी होती. आमच्या कचेरीत बशी फक्त लेखापरीक्षकाला मिळते.

"लागना हो नाना, लागना. येता बजारले मी भिंगरी इकी टाकसू. बठ्ठं एकच आकडावर लावसू. तुम्ही फक्त आकडा सांगा."

नानांनी बशी टेबलावर ठेवली. मी त्यांना इतकं पांढरं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं, उपसंचालक आले होते तेव्हाही नाही. बाजार चार दिवसांवर होता. भिंगरी विकली तर टपरी गेली, आणि ती जाणार होती नानांच्या शब्दावर. नाही सांगितलं तर अक्का दुसऱ्या कुणाचा आकडा घेऊन लावणार होत्या, आणि टपरीवर सांगणाऱ्यांना तोटा नव्हता.

नानांनी चहा पिऊन संपवला. मग चष्मा वर चढवला.

"आकडा देतो," ते म्हणाले. "रोज देतो. पण नियमाने. माझी सेवा किती झाली? एक दिवस. एका दिवसाच्या माणसावर म्हैस लावतात का कुणी?"

"मंग?"

"शंभर दिवस. मी रोज अकराला आकडा सांगीन, तुम्ही वहीत लिहायचा. पेनाने. संध्याकाळी समोर लिहायचं, लागला की नाही. तोवर लावायचं काही नाही, रुपयासुद्धा नाही. शंभर दिवसांनी वही बघू. माझा आकडा खरा निघाला, तर भिंगरीचं दावं धरून बाजारात मी येईन."

"शप्पथ?"

नानांनी कपाटातून स्वतःचं सेवापुस्तक काढलं आणि त्यावर हात ठेवला. त्याच्याहून पवित्र वस्तू त्या इमारतीत नव्हती.

अक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. पहिल्या दिवशी एक ओळ लिहायला त्यांना इतका वेळ लागला, की दूध तीनदा उतू गेलं. सत्तावीस. संध्याकाळी समोर 'नाही'. दुसऱ्या दिवशी साठ, 'नाही'. आकडा सांगताना नाना काय करायचे ते मी पाहिलं आहे. समोर जी फाइल असेल तिच्या पानाचा क्रमांक सांगायचे.

टपरीवरच्या मंडळींना मात्र कुणी शपथ घातली नव्हती. ते अक्कांच्या वहीत डोकावून तोच आकडा लावायचे आणि रोज पडायचे. महिन्याभराने त्यांच्यात फूट पडली. एका पक्षाचं म्हणणं, नाना मुद्दाम खोटा आकडा सांगतात, सबब त्याला उलटा करून लावावा. सत्तावीसचा बहात्तर. ती विद्याही नानांनी फाइलीत घेतली : 'उलटा आकडा : परिविक्षाधीन, दिवस पहिला.' पन्नासाव्या दिवसापर्यंत रांग संपली होती, घड्याळाचा हार वाळला होता आणि भडगावचे लोक भडगावला होते.

अक्का लिहीत राहिल्या. बाजारामागून बाजार गेले.

एकाहत्तराव्या दिवशी नानांनी सांगितलेला आकडा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कचेरी उघडल्या उघडल्या, अक्का नानांच्या टेबलासमोर उभ्या होत्या. एका हातात वही, दुसऱ्यात चहाची गाळणी. आम्ही सगळे दारात.

"लागना," अक्का म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच हळू होता. "आनि मन्हा हातमां काय शे? वही. म्हैस इकेल राहती तं आज मी कोठे राहतू, नाना?"

टपरीवरची मंडळी माना हलवायला लागली. कुणीतरी म्हणालं, बाईचं नुकसान केलं नानांनी. मला वाटलं, आता गाळणी बसते.

नानांनी चष्मा वर घेतला. "बसा अक्का. म्हैस कधी विकणार होतात?"

"पहिलाच बजारले."

"मग तिचे पैसे कोणत्या आकड्यावर लागले असते?"

अक्कांनी वही उघडली. पहिलं पान. बोट खाली सरकत गेलं. "अठ्ठेचाळ."

"पुढे काय लिहिलंय?"

"नाही."

"म्हणजे भिंगरी त्याच संध्याकाळी गेली. म्हशी किती तुमच्याजवळ?"

"एकच."

"मग एकाहत्तराव्या दिवशी काय लावलं असतं?"

अक्का वहीची पानं उलटत राहिल्या. नाही, नाही, नाही, नाही. त्यांच्याच हातचं, पेनाने. सुरुवातीची अक्षरं उंटासारखी, पुढे पुढे जरा सरळ होत आलेली. मागच्या बाजूला भिंगरी हंबरली. अशा वेळी म्हशी हंबरतात हे मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, त्यामुळे तुम्हीही ठेवू नका. पण हंबरली.

"पहिलाच दिन," अक्का म्हणाल्या. एवढंच. मग उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. त्या दिवशी दुधात त्यांनी पाणी घातलं नाही. म्हणजे एरवी घालत होत्या, हेही आम्हाला त्याच दिवशी कळलं.

शंभर दिवस झाले, शेरा पडला : 'नाना : शंभरात एक. घड्याळापेक्षा सरस नाही.' अक्कांनी त्यानंतर कधी आकडा लावला नाही. पण वही सोडली नाही. नाना अकराला येऊन आकडा सांगायचे, अक्का लिहायच्या, संध्याकाळी समोर 'नाही' लिहायच्या. मी एकदा विचारलं, आता कशाला. अक्का म्हणाल्या, "नानासले सांगाले आवडस, भाऊ."

नानांना विचारलं, तर म्हणाले, "बाईचं अक्षर सुधारतंय."

नाना निवृत्त झाले तेव्हा आम्ही शाल-श्रीफळ दिलं. त्यांनी निळी फाइल उघडली आणि प्रत्येकाला ज्याचा त्याचा गोपनीय अहवाल भेट दिला. माझा माझ्याजवळ आहे. 'रोज खेळतो. खेळत नाही असे सांगतो. घडलेल्या गोष्टीत किमान चौपट भर घालतो. मनुष्य बरा. सुधारणेस वाव.' त्याच आठवड्यात नव्या साहेबांनी घड्याळात सेल घातला आणि ते चालायला लागलं. आम्ही सगळे कितीतरी दिवस चुकीच्या वेळी घरी गेलो.

त्यानंतरही नाना अकराला टपरीवर यायचे. परवाच्या मे महिन्यात एक दिवस आले नाहीत. दुपारी निरोप आला.

दहाव्याला बोरीच्या काठी सगळी टपरी हजर होती. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून होता, पण खाली येईना. मुलगा म्हणाला, आईला काही कमी पडू देणार नाही. कावळा हलला नाही. मग आमच्यातला एक जण पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "नाना, आम्ही बठ्ठे आकडा सोडतो." कावळा उठला आणि आणखी लांबच्या बाभळीवर जाऊन बसला. तो नानांच्या ओळखीतलाच असावा.

ऊन चढलं. शेवटी अक्का पुढे आल्या. पिशवीतून वही काढली, चष्मा लावला आणि पिंडाजवळ जाऊन म्हणाल्या, "नाना, दहा दिन खाडा पडना. उद्यापासून लिखसू." कावळा आला. भाताला चोच लावली आणि गेला.

सगळ्यांनी डोळे पुसले. आणि डोळे पुसता पुसता सगळ्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. दहा त्रेचाळीस. घरी जायच्या वाटेवर अर्धं अमळनेर त्रेचाळीसवर होतं. मी खेळलो नाही असं मी इथे लिहू शकतो, पण माझा अहवाल तुम्ही वाचला आहे.

संध्याकाळी चव्वेचाळीस निघाला.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही टपरीवर जमलो. नानांचं स्टूल रिकामं होतं, त्यावर कुणी बसलं नाही. अक्कांनी वही उघडलेली होती. स्वप्नंवाला फार उत्तेजित झाला होता. एका मिनिटाने गेला, तो सांगत होता. एका मिनिटाने. कावळा जरा लवकर उठला, नाहीतर लागलाच होता. त्या कावळ्यात काहीतरी आहे. तेराव्याला पुन्हा जाऊन बसायला पाहिजे, आणि या खेपेला चांगलं दणकून लावायला पाहिजे.

अक्कांनी पेन खाली ठेवलं. चष्मा कपाळावर चढवला. एक डोळा बारीक केला.

"त्या कावळानी," त्या म्हणाल्या, "सेवा कितली व्हयनी?"